बाबांच्या तोंडी राहिलेले शब्द

हल्ली वर्षातून एकदा तरी पेपरात बातमी असते, की इंग्रजीच्या मोठ्या शब्दकोशात आपल्याकडचे अमुक अमुक शब्द नव्यानं दाखल झाले. आमच्या जुन्या कॉलनीतल्या लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ती बातमी लगेच फिरते, खाली हात जोडलेली चित्रं येतात, आणि कुणीतरी खास मला उद्देशून लिहितं, 'मॅडम, आता इंग्रज आपली भाषा बोलणार.' मी उत्तर देत नाही. कॉलेजात मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, कुठला शब्द कुठून निघून कुठे पोचला हे पोरापोरींना सांगून पोट भरलं, पण या विषयाचा मला अभिमान वगैरे कधी वाटला नाही. तो मी पहिल्यांदा शिकत होते तेव्हा माझ्या बाबांची वाचा गेलेली होती.

आम्ही कोराडीला पॉवर हाऊसच्या कॉलनीत राहायचो. दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे भिंतीला लागून तुळस आणि एक कढीपत्त्याचं झाड, त्याच्या पानांवर कायम राखेचा पातळ थर. दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय घडी करायचे नाहीत, पापड वाळवायचे तर वर जुनी साडी पांघरायची, हे आईचे नियम. प्लँटचा घुमघुम आवाज चोवीस तास असायचा आणि तो कुणालाच ऐकू यायचा नाही. बंद पडला तरच सगळे दारात येऊन उभे राहायचे. बाबा कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते. त्यांच्या बोलण्यात निम्मे शब्द तिथले. आई चिडली की 'प्रेशर वाढून राहिलं बॉयलरचं' म्हणायचे, जेवण झालं की पोटावर हात फिरवून 'फुल लोड' म्हणायचे. आई चौथीपर्यंत शिकलेली, पण तीही शेजारणीला सहज सांगायची, 'आज गॅस संपला, शटडाऊन हाय माह्या घरी.' रविवारी सावजी मटण. त्या दिवशी खसखस आणि सुकं खोबरं भाजल्याचा वास मागच्या लाइनीपर्यंत जायचा आणि बाबा पाट्यापाशी उकिडवे बसून आईला उगाच सूचना द्यायचे.

त्यांची एक सवय मात्र आम्हाला फार हसवायची. कंट्रोल रूममध्ये फोनवरून हुकूम आला की तो ऐकणाऱ्यानं जसाच्या तसा परत म्हणायचा, म्हणजे पलीकडच्याला कळतं की बरोबर ऐकलं गेलं. परत म्हटल्याशिवाय कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. इतकी वर्षं हेच केल्यामुळे बाबा घरीही तसंच करायचे. आई म्हणाली, 'येतांना कोथिंबीर आना,' की बाबा चप्पल घालता घालता म्हणणार, 'येतांना कोथिंबीर आना,' आणि मगच निघणार. मी त्यांची नक्कल करायचे. आई म्हणायची, त्यांची नक्कल केली तरी चालेल, पण त्यांच्यासारखं एकदा सांगितलेलं ऐकत जा.

त्या वर्षी मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, इंग्रजी वाङ्मय घेऊन. उन्हं तापायला लागली होती. बाबा सकाळपाळी करून आले, आंघोळ केली, भरीत-भाकरीला बसले. घास तोंडाशी नेता नेता हात थांबला. घास ताटात पडला. त्यांनी आईकडे पाहिलं, डावा हात स्वतःच्या डोक्याला लावला आणि म्हणाले, 'ट्रिप.' चालता चालता सगळं युनिट एकाएकी बंद पडलं की प्लँटमध्ये हाच शब्द वापरतात. आईला तो माहीत होता. तिनं भांडी तशीच टाकली आणि शेजाऱ्यांच्या दाराकडे धावली.

जीव वाचला. उजवा पाय ओढत का होईना चालायला लागले, हातही थोडा हलायला लागला. पण बोलणं गेलं. सगळं कळायचं त्यांना. कोण आलं, काय चाललंय, आई का रडते. बोलायला जायचे आणि तोंडातून 'ते... ते...' एवढंच. मधूनच एखादा शब्द अख्खा, स्वच्छ बाहेर पडायचा, आणि तो हटकून कामावरचा किंवा तसाच इंग्रजी असायचा. पाणी हवं असलं तर 'वॉटर'. उजेड हवा तर 'लाइट'. आईला हाक मारायला जायचे आणि ओठ नुसते थरथरायचे. नागपूरच्या दवाखान्यात वाचेच्या व्यायामाच्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, घरी यांच्याशी मातृभाषेतच बोला, भरपूर बोला, धीर सोडू नका. आणि ऑफिसातून निरोप आला, की रजा संपली की मेडिकल बोर्डापुढे उभं राहायचं. बोर्डानं फिट म्हटलं तर हलकी ड्यूटी मिळेल. अनफिट म्हटलं तर नोकरी गेली, नोकरीसोबत क्वार्टर गेलं. बाबांना बोर्डापुढे बोलता आलं पाहिजे. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. आई देवापुढे बसून काय मागायची ते विचारायची गरज नव्हती.

बातमी कळल्यावर नरखेडकडच्या गावाहून मोठेबाबा आले. बाबांचे थोरले भाऊ. एस.टी.तून उतरले ते मोसंब्यांची पिशवी खांद्याला लावून, धोतराला धूळ लागलेली. शाळेत मराठीचे मास्तर होते, नुकतेच निवृत्त झालेले. लहानपणी बाबांना अक्षरं त्यांनीच गिरवून घेतली होती. भावाची अवस्था पाहून ते मागच्या नळाशी गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले. मग आत येऊन मला विचारलं, डॉक्टरनं काय सांगितलं. मी सांगितलं, मातृभाषेतच बोला म्हणून. त्यांनी मान डोलावली. माणूस प्रेमाचा, पण मास्तर. त्यांच्या लेखी मातृभाषा म्हणजे फळ्यावरची मराठी. वसंताची जीभ इंग्रजी शब्दांनी बिघडली आहे, तीच वळणावर आणायची, असं त्यांनी ठरवून टाकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरातून परके शब्द बाहेर काढायला सुरुवात झाली.

ग्लासाचा पेला झाला. टॉवेलचा पंचा झाला. डॉक्टरचा वैद्य झाला. टेबलाला मेज म्हणायचं ठरलं, आणि मेज फारसीतून आलंय हे मी सांगितलं तेव्हा मोठेबाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. माझं घरातलं नाव बेबी. तेही चाललं नाही. सगळ्यांनी मला विजया म्हणायचं. घरात कुणी विजया म्हटलं की मी हाक मारणाऱ्याकडे बघायचेच नाही, कारण ते नाव फक्त कॉलेजच्या हजेरीत होतं. आईची तर फारच कोंडी झाली. आमच्यात सून भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, थेट बोलत नाही. मोठेबाबा समोर असले की पदर डोक्यावर, आवाज बंद. काही सांगायचं झालं तर मला हाक मारायची आणि भिंतीकडे बघत म्हणायची, 'बेबी, सांग मोठ्या बाबांले, चहा झाला.' मोठेबाबाही मलाच सांगायचे, 'विजया, आईला म्हण, साखर कमी घाल.' दोघं एका खोलीत, आणि मध्ये मी. बाबांना काय हवंय हे आईला सगळ्यात आधी कळायचं, पण ते बोलायची तिला सोय नव्हती.

मी त्याच दिवसांत इंग्रजी भाषेच्या इतिहासाचा पेपर वाचत होते. आमच्या बाईंनी सांगितलेल्या नोट्स. इंग्लंडवर फ्रेंच बोलणारे राजे आले, आणि कोर्ट, कायदा, सरकार, सगळ्यांचे शब्द त्यांचे झाले. त्याच्याही आधी उत्तरेकडून लुटारू आले होते. ते राहिले आणि आकाशाला, अंड्याला, सुरीला त्यांचा शब्द बसला. 'ते लोक' म्हणायलासुद्धा इंग्रजांनी त्यांचाच शब्द घेतला. मला सगळ्यात आवडायचा तो मटणाचा किस्सा. मेंढी रानात चरत असेपर्यंत तिचं नाव इंग्रजी, कारण ती राखणारे गरीब इंग्रज. शिजून ताटात आली की नाव फ्रेंच, कारण खाणारे साहेब. तोच फ्रेंच शब्द समुद्र ओलांडून आला आणि आमच्या रविवारच्या पातेल्यात पडला. आणि आपला नारिंग शब्द कसा पर्शिया, अरबस्तान, स्पेन करत तिकडे ऑरेंज झाला हा दाखला तर नागपूरचा प्रत्येक मास्तर देतोच. मीही पुढे आयुष्यभर दिला, दर वर्षी, आणि दर वर्षी कंटाळले.

तो दिवस मला अजून अंगावर येतो. दुपारची वेळ, पत्र्यासारखं तापलेलं घर. कुलर घेण्याची आमची ऐपत नव्हती, छताला एक पंखा. मोठेबाबांनी तो मुद्दाम बंद केला आणि बटणापाशी खुर्ची टाकून बसले. बाबा कॉटवर. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता. त्यांनी वर बोट केलं आणि म्हणाले, 'फॅन.' स्वच्छ, अख्खा शब्द. मोठेबाबा शांतपणे म्हणाले, 'पंखा म्हण, वसंता.' बाबांनी ओठ जुळवले. 'ते... ते... फॅन.' 'पंखा.' 'फॅन.' मोठेबाबांचा आवाज चढला नाही, हात हलला नाही. त्यांना खरंच वाटत होतं की थोडा त्रास झाला की आतला शब्द बाहेर येईल. त्यांचाही सदरा पाठीला चिकटला होता. भावासोबत तेही उकाड्यात बसले होते, हे मला सांगायलाच हवं.

माझा ताबा सुटला. मी पुस्तक आपटलं आणि म्हटलं, 'मोठेबाबा, इंग्रज तरी शुद्ध बोलते का? फॅन हा शब्द त्यायचा नाही. रोमनांकडून घेतला त्यायनं. धान्य पाखडायच्या सुपाले म्हणत ते लोक. आन् तुम्ही जो पंखा म्हणा म्हणून राहिले, तो तर इंग्रजांनी इथून उचलून नेला आन् आपल्या कोशात टाकला. त्यायले त्यायच्या भाषेतले परके शब्द काढून टाका म्हटलं, तर अर्धे इंग्रज मुके होतील.'

मोठेबाबा म्हणाले, 'विजया, तुझ्या परीक्षेचं तू परीक्षेत लिही.' मी आणखी बोलले. इंग्रजांतही असे पंडित होऊन गेले, म्हटलं, ज्यांनी परके शब्द हाकलायला निघून नवे शुद्ध शब्द बनवले, आणि ते कुणी तोंडात घेतले नाहीत. मोठेबाबांनी उत्तर दिलं, मी प्रत्युत्तर दिलं. माझं बोलणं तोडीस तोड होतं याचा मला आनंदही होत होता. आणि आमचं हे चाललं असताना बाबा गप्प झाले. बोट खाली आलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. 'फॅन'ही संपलं.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत आली. पदर डोक्यावरून सरकलेला, तिनं तो सावरला नाही. भासऱ्याच्या अंगावरून हात नेऊन तिनं बटण दाबलं. पंखा कुरकुरत फिरायला लागला. मग ती मोठेबाबांकडे सरळ बघून बोलली. माझ्या देखत, पहिल्यांदा.

'मायबोली म्हनता तुम्ही. लग्न होऊन आली तवापासून हा मानूस असाच बोलते. फॅन म्हनते, ड्यूटी म्हनते, वॉटर म्हनते. याच बोलीत मले रागावला आन् याच बोलीत माह्यासंग संसार केला. दुसरी मायबोली मी कुठून आनू यायच्यासाठी?'

मोठेबाबा उठले. तासाभरानं त्यांनी पिशवी भरली. जाताना बाबांच्या डोक्यावरून हात फिरवला, आईच्या दिशेनं हात जोडले आणि मला म्हणाले, 'बेबी, मले वाटलं त्याले सोपं होईन.' ते बेबी म्हणाले, आणि त्यांच्या गावच्या बोलीत म्हणाले. मला रडू आलं. राग आणि दया एकाच माणसाची इतकी येते हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पण बाबा त्यानंतर बोलेनात. 'वॉटर'ही नाही, 'लाइट'ही नाही. आई भरवायची, ते गिळायचे. मी अभ्यास त्यांच्या कॉटशेजारी बसून मोठ्यानं करायला लागले, त्यांच्यासाठी नव्हे, आईच्या हुंदक्यांचा आवाज झाकला जावा म्हणून. एका सकाळी मी वाचत होते, गव्हर्नमेंट, फ्रेंच. बाबा म्हणाले, 'गव्हर्नमेंट. फ्रेंच.' मी थांबले. म्हटलं, जंगल, हिंदी. ते म्हणाले, 'जंगल. हिंदी.' मी घाईनं मराठीत म्हटलं, आई भाकरी थापते. बाबांनी छताकडे बघत, कंट्रोल रूमच्या त्या सपाट आवाजात म्हटलं, 'आई भाकरी थापते.' अख्खं वाक्य. आई पिठाच्या हातांनी धावत आली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

मग आम्ही वेड्यासारखं त्यामागे लागलो. इंग्रजीत आलेले अरबी शब्द, लॅटिन शब्द, आपल्याकडून गेलेली लूट, बंगला, पायजमा, चंपीचा झालेला शाम्पू; माझा सगळा पेपर बाबांच्या तोंडून दोनदा वदवून झाला. आई सांगायची, 'माझं नाव वसंत,' ते म्हणायचे, 'माझं नाव वसंत.' 'मी ऑपरेटर आहे.' 'मी ऑपरेटर आहे.' शेजारी येऊन बघून गेले. प्लँटमधले त्यांचे मित्र म्हणाले, हे तर पूर्वीसारखंच आहे, हुकूम परत म्हणतात तसं. आईनं रविवारी मटण केलं. ते कमी तिखट होतं, डॉक्टरांच्या भीतीनं, आणि त्या घरात इतकं फिकं मटण कधी शिजलं नव्हतं, पण आम्ही तिघंही पोटभर जेवलो.

बोर्डाच्या दिवशी आईनं त्यांना इस्त्रीचा शर्ट घातला. नागपूरच्या दवाखान्यात एका लांब खोलीत तीन डॉक्टर बसले होते. आम्हाला मागे बाकावर बसायला सांगितलं. मधले डॉक्टर वयानं मोठे, आवाजानं मऊ. त्यांनी विचारलं, 'तुमचं नाव काय?'

बाबा ताठ बसले आणि स्वच्छ म्हणाले, 'तुमचं नाव काय.'

डॉक्टर हसले, परत विचारलं, 'तुमचं नाव सांगा.' 'तुमचं नाव सांगा,' बाबा म्हणाले. चूक एका अक्षराची नाही. 'कुठे काम करता?' 'कुठे काम करता.' शेवटच्या डॉक्टरांनी इंग्रजीत विचारून पाहिलं. बाबांनी तेही तितक्याच स्वच्छ इंग्रजीत परत केलं. आम्ही त्यांना बोलायला शिकवलं नव्हतं, फक्त परत म्हणायला शिकवलं होतं, आणि त्यांना वाटत होतं ते उत्तम करताहेत. प्रत्येक प्रश्नानंतर ते अपेक्षेनं डॉक्टरांकडे बघायचे, आता हुकूम पुरा झाला, आता पुढचा येईल. आईनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. मी उठून बोलायला गेले, की यांना सगळं कळतं हो, फक्त शब्द... मधल्या डॉक्टरांनी हातानं मला बसवलं. त्यांनी पेन उचलून दाखवलं आणि काही न विचारता थांबले. परत म्हणायला काहीच नव्हतं. बाबा पेनाकडे बघत राहिले, ओठ थरथरले, आणि पुष्कळ वेळानं त्यांच्या चेहऱ्यावरून ती अपेक्षा पुसली गेली. त्यांना कळलं.

डॉक्टरांचं काही चुकलं नाही, हे मी तेव्हाही जाणत होते. कंट्रोल रूमच्या फोनवर अशा माणसाला कुणी बसवणार नाही, आणि दुसरी कुठली हलकी ड्यूटी द्यायची तर तिथेही विचारलेल्याचं उत्तर लागतं. अनफिट. त्यांनी तो शब्द मराठीत सांगायचा प्रयत्न केला, जमला नाही, आणि शेवटी इंग्रजीतच सांगितला. आईला अर्थ विचारावा लागला नाही.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. बसस्टॉपवर सावली नव्हती, म्हणून आम्ही दवाखान्याच्या कुंपणाशी फूटपाथवर बसलो. आई मध्ये, एका बाजूला बाबा, एका बाजूला मी. मला काही सुचत नव्हतं. क्वार्टर, माझी परीक्षा, गावाकडे जायचं की शहरात खोली बघायची, सगळं डोक्यात गरगरत होतं आणि मला नुसतं ओरडावंसं वाटत होतं. बाबा आईकडे वळले. त्यांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं, जे मी कधी पाहिलं नव्हतं, रस्त्यात तर नाहीच. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. मग ते म्हणाले, 'सॉरी.'

आमच्या घरात कुणी कुणाची माफी मागायची पद्धत नव्हती. बाबांनी आईवर रागावून ताट सरकवलं असेल, आईनं दोन दिवस अबोला धरला असेल, पण माफ कर असं मराठीत कुणी कुणाला म्हटलेलं मला आठवत नाही. आणि त्या सकाळपासून हा शब्द त्यांच्यासमोर कुणीही उच्चारला नव्हता. ना डॉक्टरांनी, ना आम्ही. तो परत म्हटलेला नव्हता. आई मोठ्यानं रडली, येणारेजाणारे थांबले तरी रडत राहिली, आणि बाबांनी मनगट सोडलं नाही.

पुढे कॉलेजात नोकरी लागल्यावर मी लायब्ररीतला मोठा कोश काढून तो शब्द शोधला. मला खात्री होती, हाही फ्रेंचांकडून आला असणार, किंवा रोमनांकडून. एवढं सगळं ज्यांनी बाहेरून आणलं त्यांनी हेही आणलंच असेल. पण तो इंग्रजांचा स्वतःचा निघाला. कुणाकडून घेतलेला नाही, त्यांच्या सगळ्यात जुन्या बोलीतला आहे, आणि त्या बोलीत दुखण्याला जो शब्द होता त्यातून आलेला आहे. मी कोश मिटला आणि तिथेच बसून राहिले. बाबांना दुखत होतं, आणि ते त्यांनी आईला सांगितलं होतं.